होडीतला उंबरा

माझा जन्म भोरचा, शाळा भोरची, कॉलेज भोरचं आणि पुढे नोकरीही त्याच कॉलेजच्या ग्रंथालयात, म्हणजे आयुष्यभर मी काय केलं म्हणाल तर पुस्तकं दिली आणि पुस्तकं परत घेतली. नदी आमच्या आळीच्या मागूनच वाहते, तरी मला पोहता येत नाही, लहानपणी आलं नाही आणि आताही येत नाही, आणि असा माणूस शिडाच्या होडीचा मालक कसा झाला असं तुम्ही विचारता, तर काय सांगू तुम्हाला, मी मालक झालो नाही, होडी माझ्याकडे राहिली. होडी उमाची.

उमा म्हणजे माझी बायको. ती हर्णैच्या बाजूची, वरंधा घाट चढून एसटीने आमच्याकडे नांदायला आली, आणि आल्यावर पहिले काही महिने रोज संध्याकाळी गच्चीवर जाऊन उभी राहायची. मी विचारलं, काय बघतेस, तर म्हणाली, बघत नाही, तुमच्याकडे वारा येतो पण तो काही बोलत नाही. मला वाटलं, कोकणातली माणसं असंच बोलत असतील. मी पुस्तकी माणूस, मला ते वाक्यच आवडलं, त्यातलं दुःख कळायला पुष्कळ वर्षं लागली.

तिचे वडील वारले तेव्हा त्यांची एक लहानशी शिडाची होडी मागे राहिली. तिच्या भावांच्या इंजिनाच्या होड्या, त्यांना हे शीड आणि ही डोलकाठी नको होती, ते म्हणाले फोडून सरपण करू. उमा उठली, एकटी माहेरी गेली आणि चौथ्या का पाचव्या दिवशी टेम्पोत होडी घालून घाट चढून आली. घाटात चहाला थांबले तेव्हा एकाने विचारलं, काय वो वहिनी, घाटावर पूर येनार हाय का? ती म्हणाली, आला तर तुम्हाला घेईन हो, आधी चहा पाजा. हे मला टेम्पोवाल्याने सांगितलं, ती सांगायची नाही अशा गोष्टी.

होडी आम्ही देवघरच्या धरणाच्या पाण्यात, ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या बांधाला ठेवली. परवानगीसाठी कचेरीत गेलो तेव्हा साहेबांना शिडाची होडी म्हणजे नेमकं काय ते कळेना, तेव्हा उमाने त्यांच्याच टेबलावरच्या वर्तमानपत्राची होडी करून दाखवली, ते हसले आणि काम झालं.

सुख होतं, खोटं कशाला सांगू. उन्हं कलली की घाटाकडून वारा यायचा, शीड एकदम पोट भरल्यासारखं फुगायचं, आणि मग कसला आवाज नाही, काही नाही, नुसतं फळीखाली पाणी सरकतंय. मी तरंगायचं केशरी जाकीट घालून पुढच्या फळीवर पुस्तक उघडून बसायचो आणि भीतीने एकही ओळ वाचायचो नाही, ती मागे सुकाणूवर पाय ठेवून बसायची, हातात डब्यातली भाकरी. सुकाणू पायाने, अहो, पायाने धरायची ती, जसा कोणी पाळणा हलवावा. तेव्हा मी तिच्याकडे बघायचो आणि मनात म्हणायचो, आता वारा बोलतोय वाटतं हिच्याशी.

आणि डोकेदुखीही तेवढीच. खाऱ्या पाण्यात लाकूड टिकतं, गोड्या पाण्यात कुजतं, हे मला पुस्तकात कुठे सापडलं नव्हतं, ते होडीने शिकवलं. उमा फळ्यांच्या सांध्यात खडेमीठ भरून ठेवायची, किलो किलो मीठ लागायचं, आमचा वाणी विचारायचा, वहिनी, लोणचं कुणाकुणाला पुरवता? उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की होडी चिखलात कोरडी पडायची आणि फळ्या उलायच्या, मग त्या फटींत कापूस ठासायचा, वरून राळ आणि तेल. शिडाला बुरशी यायची. दोऱ्या उंदीर खायचे. एका वर्षी डोलकाठीच्या टोकाला गांधीलमाश्यांनी घर केलं आणि आम्ही ते हललं की पळायचो. आणि या सगळ्याला सुतार कोण, तर उत्रोलीचा नामदेव, ज्याने जन्मात बैलगाड्या आणि दारं-खिडक्या सोडून काही केलं नव्हतं. तो होडीभोवती फिरायचा आणि म्हणायचा, वहिनी, ह्ये दार आसतं तर बिजागरी ठोकून मोकळा झालो आसतो, ह्येला आत कुठलं आन् भाईर कुठलं त्येच उमगंना. पण काम जीव लावून करायचा.

आता मूळ गोष्टीकडे येतो. मी टाळत होतो, तुमच्या लक्षात आलंच असेल.

होडीच्या तळाशी एक आडवं जाड लाकूड असतं, त्यात खोबण असते आणि त्या खोबणीत डोलकाठी उभी राहते. एका उन्हाळ्यात ते लाकूड कुजलं, बोट घातलं तर बोट आत जाईल असं. नवं सागवान घ्यायचं तर ते ओलं, वाळवायला वर्ष जाणार. नामदेव म्हणाला, थांबा, मी बगतो. धरण तळाला गेलं होतं, जुन्या बुडालेल्या वाडीची जोती उघडी पडली होती, तो त्या चिखलातून हिंडला आणि दुपारी खांद्यावर एक लाकूड घेऊन आला. काळं, दगडासारखं, वाजवलं तर खणखणीत. कुण्या घराचा उंबरा होता तो. वाडी उठली तेव्हा माणसांनी वासे नेले, दारं नेली, चौकटी नेल्या, कौलं नेली, उंबरा तेवढा राहिला होता. विसरला असंल, नामदेव म्हणाला, आमच्या उत्रोलीत घर सोडलं तर उंबरा आदी उचलत्यात, नव्या घरात पयला त्योच बसतो. त्याच्या गावची रीत त्याला माहीत, त्याने त्या रीतीने विचार केला. उमाने लाकडावरून हात फिरवला आणि लहान मुलीसारखी खूश झाली.

उंबऱ्याच्या मधोमध खोबण पाडली. खोबणीच्या उजव्या अंगाला लाकूड आधीच झिजलेलं होतं, बशीएवढा खळगा, पायांनी पडलेला. तो नामदेवने तसाच ठेवला.

पाऊस झाला, धरण भरलं, आम्ही होडी पाण्यात घातली. पहिलाच दिवस. मधल्या पाण्यात आलो, वारा होता, शीड भरलेलं होतं, आणि होडी थांबली. वारा पडला असता तर समजू शकलो असतो. वारा होता. पाण्यावरून पानं वाहत आमच्या दोन्ही बाजूंनी पुढे जात होती आणि आम्ही उभे, एखादा माणूस कुणाच्या दारात उभा राहतो ना, हाक मारावी की नको अशा विचारात, तसे. उमाने वल्हं सरळ खाली घातलं, तळ लागला नाही. नांगर तर आम्ही टाकलाच नव्हता. थोड्या वेळाने होडी आपली आपण निघाली. त्यानंतर दर खेपेला तसंच, आणि दर खेपेला तिथेच, पलीकडच्या डोंगरावरचे विजेचे दोन खांब एकामागे एक येऊन त्यांची रेघ एक झाली की तिथे.

दुसरं म्हणजे होडी गळायची थांबली. इतकी वर्षं मी डबा घेऊन पाणी उपसत आलेलो, आता तळ कोरडा ठणठणीत. नामदेवला वाटलं त्याचा हात बसला. पण त्या कोरड्या होडीत उंबऱ्याचा तो खळगा तेवढा ओला असायचा. उमा फडक्याने पुसायची, पलीकडच्या काठाला जाऊन परत येईतो पुन्हा ओला.

आणि मग ते ओझं. होडीत कोणी पाय ठेवला की होडी त्या अंगाला जराशी दबते, तुम्ही बसला असाल तर कंबरेला कळतं, बघावं लागत नाही. त्या ठिकाणी होडी उभी राहिली की तशी दबायची. उजव्या अंगाला, खळग्यापाशी. मला वाटायचं माझाच भ्रम. पण उमा होडीत वाढलेली, तिला पाठीने कळायचं कोण कुठे बसलंय. ती डब्यातून मान वर न काढता मला म्हणायची, अहो, जरा सरका. आणि मी सरकायचो. इकडे फळीवर एका माणसाची जागा रिकामी, आणि आम्ही दोघं भाकरी खातोय.

एकदा धीर करून विचारलं, उमा, कोण आहे? ती म्हणाली, उतारू आहे. आमच्या बाबांच्या होडीत कितीतरी बसायचे, आम्ही काय नावं विचारत होतो? त्याचं ठिकाण आलं की उतरेल. पण तो उतरत नव्हता. आम्ही काठाला लागलो की ओझं नाहीसं व्हायचं, आणि पुढच्या खेपेला पुन्हा तिथे.

मग उमा आजारी पडली. ते मी लांबवून सांगत नाही. पुण्याच्या दवाखान्यात न्यायला गाडी आली त्या सकाळी तिने चपला घातल्या, दारात थांबून गॅसवर दूध आहे, बंद करा, असं म्हणाली आणि बाहेर पडली. दूध मी बंद केलं. ती परत आली नाही. तिथूनच सगळं झालं, घरी आणलं नाही.

दिवसकार्य झालं, माणसं गेली, आणि मी होडीपाशी जायला लागलो. मला नीट चालवता कुठली येते, पण होडीला ते ठिकाण माहीत होतं, मी शीड उघडून नुसता बसायचो. होडी उभी राहायची. पहिल्यांदा ते नेहमीचं ओझं, जड, एकदम. मी सरकायचो. आणि एका दुपारी, ऊन होतं, पाणी आरशासारखं, त्या जड ओझ्यानंतर दुसरं एक आलं. हलकं. आधी उजवा पाय, मग जरा थांबणं, मग डावा. उमा होडीत चढताना तशीच चढायची, मध्ये निऱ्या आवरायला थांबायची. मागे वळून बघायचं नाही हे मला कुणी सांगितलं नव्हतं, पण मी वळलो नाही. सुकाणू मात्र हललं, जसं पायाने हलवावं तसं.

त्या हिवाळ्यात मी किती वेळा गेलो ते विचारू नका. भोरमध्ये लोक म्हणायला लागले, सरांना होडीचा नाद लागला. लागला होता. माझं दुसरं कुठे काही नव्हतं.

उन्हाळ्यात धरण उतरलं. नामदेव आणि मी चिखलात टेकलेल्या होडीच्या फटी भरत होतो, तेव्हा एक म्हातारी बाई ओळखीच्या शेतकऱ्याबरोबर आली, तिला पोचवून तो आपल्या कामाला गेला. ताराबाई तिचं नाव. त्या बुडालेल्या वाडीची, आता लांब, धरणाच्या खालच्या अंगाला पुनर्वसनाच्या गावात राहते, पण दर उन्हाळ्यात एसटी बदलत बदलत येते, जोतं उघडं पडलं की आपल्या उंबऱ्याला हळदकुंकू वाहते आणि परत जाते. गेले काही उन्हाळे गुडघ्यांनी येऊ दिलं नव्हतं. आज आली तर उंबरा नाही. ती होडीपाशी आली, आत वाकून बघितलं, आणि हात कपाळाला लावून खाली बसली.

नामदेव म्हणाला, आजी, विसरलेला हुता म्हनून आनला. ती म्हणाली, विसरला न्हवता रं बाबा, ठिवला हुता. आमच्या वाडीत भाईर गेलेलं मानूस माघारी आलं नसंल तर उंबरा उपटत न्हाईत. त्येला घर कुठनं वळखू येनार?

तिचा नवरा. धरण व्हायच्या आधीची गोष्ट, घाटाखाली बैल आणायला गेला, पावसाची झड लागलेली, नदी चढलेली, तो आला नाही, बैल आला नाही, काही सापडलं नाही. तिच्या कपाळावर कुंकू होतं. अजून लावते. ती उठून होडीत चढली, तिने खळग्यात हात घातला आणि हात बाहेर काढून मला दाखवला, ओला. भर मे महिना, होडी महिनाभर उन्हात तापलेली. म्हणाली, हितंच उबं ऱ्हायचं ते. तंबाकू मळत. मी वरडायची, उंबऱ्यावर उबं ऱ्हाऊ नगा, लक्षुमी जाती, तर आयकायचं न्हाई.

मग तिने विचारलं, होडी कुठं उबी ऱ्हाती का? मी नामदेवकडे बघितलं. त्याला आम्ही कधी सांगितलं नव्हतं. मी विजेच्या खांबांची रेघ दाखवली, आम्ही तिघं चिखलातून तिथे चालत गेलो, आणि जिथे ती रेघ एक होते तिथे तिच्या घराचं जोतं होतं. दारात उंबऱ्याची जागा, रिकामी, दात पडल्यासारखी.

घर खाली, उंबरा वर, ताराबाई म्हणाली, मानूस उतरनार कुठं?

तुम्ही म्हणाल लगेच द्यायला हवा होता. मी म्हणालो, द्यायला नको असं नाही, पण आजी, माझी बायको पुण्याच्या दवाखान्यात गेली, तीही आता तिथेच येते. फटीत कापूस भरायची पटाशी नामदेवच्या हातात तशीच राहिली. ताराबाईने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. म्हणाली, मास्तर, तुमची बाई दवाखान्यात गेली, तुमी अग्नी दिलात, तुमास्नी ठावं तरी हाय. माज्या मानसाचं मला कुनी काय सांगितलं न्हाई. मग ती जरा निवळली आणि तिने विचारलं, कुठनं भाईर पडली ती? म्हटलं, आमच्या घरातून, भोरला, फ्लॅट आहे. मंग तिला हितं, लोकाच्या दारात का उबी करता? तिचा उंबरा कुठाय?

आमच्या फ्लॅटला उंबरा नाही हो. बिल्डरने बसवलाच नव्हता, आतल्या फरशीला बाहेरची फरशी जोडलेली. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा उमा म्हणालीही होती, दाराला तळ नाही. मी म्हटलं होतं, बसवू कधीतरी.

तर ती येनार कुठनं, ताराबाई म्हणाली. एवढंच.

नामदेवने उंबरा काढला. काढताना तो लाकडाशी बोलत होता, चुकलं बाबा, चुकलं, असं काहीतरी. आम्ही तो जोत्यावर बसवला, ताराबाईने मधल्या खोबणीत बोट घालून बघितलं आणि म्हणाली, भोक पाडलासा व्हय त्येला. ऱ्हाऊ द्या. मग हळदकुंकू वाहिलं, पदराने खळगा पुसला, आणि त्या खळग्याकडे बघत अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, या आता, पाय धुवा. आम्ही तोंड फिरवलं. परत बघितलं तेव्हा ती एसटी चुकेल म्हणून घाई करत होती. पावसात धरण भरलं आणि सगळं पुन्हा पाण्याखाली गेलं.

होडीला आता बाभळीचं लाकूड आहे. ती कुठे थांबत नाही, वारा असला की जाते, पडला की डुलत राहते, आणि गळते, भरपूर गळते. मी डबा घेऊन उपसतो, सांध्यात मीठ भरतो, शिडाची बुरशी घासतो, उंदरांना शिव्या देतो. विका म्हणतात लोक. नाही विकत. सुकाणू हाताने धरतो, पायाने जमत नाही.

आणि त्या बाभळीच्याच उरल्या तुकड्याचा नामदेवने मला हा उंबरा करून दिला. आमच्या सोसायटीचे अध्यक्ष बघायला आले, म्हणाले, सर, तिसऱ्या मजल्यावर पूर येणार का? मी म्हटलं, आला तर तुम्हाला घेईन, आधी चहा घ्या. बोललो आणि माझं मलाच कळलं, हे मी कुणाचं बोललो.

संध्याकाळी मी इथेच दारासमोर बसून वाचतो. आता खरंच वाचतो, भीती नाही. उंबऱ्याच्या उजव्या अंगाला जरा ओल असते. नामदेव म्हणतो, नवं लाकूड हाय, वल धरतं. धरत असेल. मी पुसत नाही.

तुम्ही इतका वेळ शांतपणे ऐकलंत, दुसरं कोणी ऐकलं नसतं. देव तुमचं घर भरलेलं ठेवो. मघाशी, दुधाचं सांगत होतो तेव्हा, तुम्ही या दाराजवळच्या बाकावर जरासे सरकलात, तुमच्या लक्षातही आलं नसेल. चांगलं केलंत. आता निघा, घाटात अंधार लवकर पडतो. उंबरा ओलांडून जा, त्यावर पाय देऊ नका, आणि दार नुसतं लोटून घ्या, कडी मी लावत नसतो.